ऑथेल्लो : प्रेम, संशय आणि कानभरणी

विल्यम शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ हे नाटक १६०३-०४ च्या सुमारास लिहिले गेले. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद दरबारी हिशेबात आहे. ‘हॅम्लेट’, ‘किंग लिअर’ आणि ‘मॅकबेथ’ यांच्या पंक्तीत ते नेहमी बसवले जाते, पण त्या तिन्हींहून त्याची जात वेगळी आहे. येथे भूत नाही, चेटकिणी नाहीत, गादीसाठी भांडण नाही. युद्ध येऊ घातलेले असते, पण दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच ते वादळात विरून जाते. उरतात नवरा, बायको आणि नवऱ्याच्या कानाशी लागलेला एक माणूस. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर उभी राहिलेली आणि तरीही प्रेक्षकाला श्वास घेऊ न देणारी दुसरी शोकांतिका जागतिक रंगभूमीवर सहज सापडणार नाही.

मूळ कथा इटालियन आहे. जिराल्डी चिंथिओ या लेखकाच्या १५६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात एका मूर सरदाराची गोष्ट येते. त्या कथेत नाव आहे ते फक्त नायिकेला. बाकीचे नुसते मूर, निशाणबरदार, कप्तान म्हणून ओळखले जातात. निशाणबरदार तिच्यावर भाळतो, ती दाद देत नाही, म्हणून तो सूड घेतो. सरदार आणि निशाणबरदार मिळून वाळू भरलेल्या मोज्याने तिला ठार मारतात आणि अपघात वाटावा म्हणून वरचे छत तिच्या अंगावर पाडतात. परक्या मुलखातल्या, परक्या रीतीच्या पुरुषाशी लग्न करू नये, असा बोध त्या नायिकेच्याच तोंडून वदवून घेतलेला आहे. शेक्सपिअरने कथेचा सांगाडा घेतला आणि बोध टाकून दिला. प्रेमभंगाचे सरळ कारण काढून टाकल्यामुळे त्याचा खलनायक गूढ झाला. खून एकट्या नवऱ्याच्या हातून, दिव्याच्या उजेडात, शयनगृहात घडवल्यामुळे त्याचा नायक भीषण आणि तरीही करुण झाला.

नाटकाचा पहिला अंक व्हेनिसमध्ये आणि पुढचे चार सायप्रस बेटावर घडतात. व्हेनिस म्हणजे कायदा, सभा, साक्षीपुरावा. आपली मुलगी डेस्डिमोना हिने मूर सेनापती ऑथेल्लोशी परस्पर लग्न केले म्हणून ब्रबँशिओ रात्री सभेपुढे फिर्याद नेतो, ऑथेल्लोने चेटूक केले असा आरोप करतो. सभा दोन्ही बाजू ऐकते, मुलीला बोलावते, तिचे म्हणणे विचारते आणि फिर्याद निकालात काढते. या प्रसंगाचे महत्त्व पुढे कळते. ज्या नवऱ्याला आरोपी असताना उघड सुनावणी मिळाली, तो स्वतः न्यायाधीश झाल्यावर बायकोला ती देत नाही. सायप्रस ही लष्करी छावणी आहे. तेथे सेनापतीच सर्वेसर्वा, आणि डेस्डिमोना माहेरापासून दूर. व्हेनिसच्या ताब्यातले हे बेट उस्मानी तुर्कांनी १५७०-७१ मध्ये प्रत्यक्षात जिंकून घेतले होते. नाटकात तुर्की आरमार वादळात बुडते, पण लंडनच्या जाणत्या प्रेक्षकाला बेटाचे पुढे काय झाले ते माहीत असणार.

ऑथेल्लो आणि डेस्डिमोना यांचे प्रेम कसे जमले, याची हकीकत ऑथेल्लोच सभेपुढे सांगतो. ब्रबँशिओ त्याला घरी बोलावत असे आणि त्याच्या आयुष्याची कहाणी विचारत असे. लढाया, वेढे, गुलामी, सुटका, अद्भुत प्रदेश आणि तिथली माणसे. घरकाम उरकून डेस्डिमोना येऊन बसे आणि ऐके. त्याने भोगलेल्या संकटांमुळे ती त्याच्यावर प्रेम करू लागली आणि तिला त्यांची कणव आली म्हणून तो तिच्यावर. सभेला ही हकीकत पटते, प्रेक्षकालाही पटते. पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे. हे प्रेम गोष्टीतून जन्मले आहे. दोघांनी एकमेकांचे रोजचे वागणे फारसे पाहिलेले नाही. लग्नाच्या रात्रीच त्याला मोहिमेवर निघण्याचा हुकूम होतो. ऑथेल्लोने स्वतःला डेस्डिमोनाच्या डोळ्यांत पाहिले आणि ते रूप त्याला आवडले. तिच्याविषयीची त्याची माहिती त्या मानाने तुटपुंजी. जो माणूस गोष्टीच्या बळावर जिंकला, तो अधिक सफाईने गोष्ट सांगणाऱ्यापुढे हरतो, हे या नाटकाचे मर्म आहे.

तो सांगणारा म्हणजे इयागो. वय अठ्ठावीस, हुद्दा निशाणबरदाराचा, लौकिक सच्च्या, रोखठोक शिपाईगड्याचा. नाटकात सर्वांत अधिक ओळी त्याच्या वाट्याला आहेत, नायकापेक्षाही अधिक. उपसेनापतीची जागा आपल्याला न देता कॅसिओ या पुस्तकी फ्लॉरेन्सकराला दिली, ही त्याची पहिली तक्रार. पुढे स्वगतांत तो आणखी कारणे देतो. ऑथेल्लोने आपल्या बायकोशी संबंध ठेवल्याची अफवा आहे. कॅसिओवरही तसाच संशय आहे. डेस्डिमोना आपल्यालाही हवीशी वाटते. अफवा खरी की खोटी हे ठाऊक नाही, पण ती खरी धरूनच चालू, असेही तो सांगून टाकतो. कारणे इतकी आणि इतक्या सहज येतात की एकावरही विश्वास बसत नाही. कवी-समीक्षक कोलरिजने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या दुष्टपणाला हेतूच नाही, उलट तो हेतूंची शोधाशोध करतो, असे मत मांडले आणि ते आजवर चर्चेत आहे. मात्र ते पूर्ण पटणारे नाही. डावललेपणाचा सल इयागोत खरा आहे आणि आपल्या भोवतीची माणसे सुखी आणि सरळ आहेत याची चीडही खरी आहे. मत्सर ऑथेल्लोत पेरण्याआधी तो पेरणाऱ्याच्या घरी पिकलेला आहे, हे विसरता कामा नये.

इयागोची रीत पाहण्यासारखी आहे. तो माणसांचे दोष फारसे वापरत नाही, गुण वापरतो. कॅसिओ सभ्य आहे, म्हणून आग्रहाला नाही म्हणता येत नाही. त्याला दारू सोसत नाही हे ठाऊक असून इयागो त्याला पाजतो, भांडण लावून देतो आणि रात्रीतून त्याचा हुद्दा घालवतो. डेस्डिमोना दयाळू आहे, म्हणून कॅसिओने तिच्याकडे रदबदली मागावी असा सल्ला देतो. सल्ला तसा चांगलाच आहे. कोणीही तोच दिला असता. आता ती नवऱ्याकडे जितकी मनापासून शब्द टाकील तितकी ती संशयास्पद ठरेल. ऑथेल्लो उमदा आणि विश्वासू आहे, म्हणून वरून प्रामाणिक दिसणारा माणूस त्याला प्रामाणिकच वाटतो. रॉडरिगो मात्र याला अपवाद. तो मूर्ख आणि पैसेवाला आहे. त्याला डेस्डिमोना मिळवून देण्याच्या आशेवर इयागो लुबाडत राहतो आणि उपयोग संपल्यावर अंधारात भोसकतो.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हा नाटकाचा कणा आहे. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो सुखी नवरा आहे. संपतो तेव्हा तो इयागोशेजारी गुडघे टेकून सुडाची शपथ घेत असतो. मधे फारसा काळ जात नाही, संभाषण जवळजवळ सलग चालते. अशा पालटाला विश्वसनीयता आणणे हे नाटककाराच्या कसबाची परीक्षा पाहणारे काम होते.

कॅसिओ डेस्डिमोनाला भेटून निघत असतो, सेनापती येताना पाहून ओशाळून लवकर सटकतो. इयागो स्वतःशी पुटपुटल्यासारखे करतो की हे काही बरे दिसत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही. तेवढ्यावर तो थांबतो. थोड्या वेळाने सहज विचारतो, तुमच्या प्रेमाच्या काळात कॅसिओला सगळे माहीत होते का? ऑथेल्लो होय म्हणतो, तो तर आमच्यात ये-जा करायचा. यावर इयागो नुसता आश्चर्याचा उद्गार काढतो आणि पुढे ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नासारखे परत करत राहतो. आरोप अजून झालेला नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की याच्या मनात काहीतरी भयंकर आहे आणि ते हा चांगुलपणाने दडवतो आहे. आता तेच काढून घेण्यासाठी ऑथेल्लो त्याच्या मागे लागतो. मग इयागो अब्रूचे मोल सांगतो. याच इयागोने आदल्या अंकात अब्रू ही निव्वळ फोल गोष्ट असल्याचे कॅसिओला पटवलेले असते. मत्सरापासून सांभाळा असा इशाराही तोच देतो. त्या क्षणापर्यंत मत्सराचा विषय दुसऱ्या कोणी काढलेलाच नव्हता.

पुढची चाल अधिक खोल जाते. व्हेनिसच्या बायका काय करतात ते मला ठाऊक आहे, असे इयागो म्हणतो. ऑथेल्लो तिथला नाही. तिथल्या घरांत काय चालते हे त्याला ऐकूनच मानावे लागते. मग इयागो आठवण देतो की तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केले. हे ब्रबँशिओचेच वाक्य. पहिल्या अंकात जाताजाता त्याने तो बाण टाकला होता. आणि आता जी गोष्ट इयागोने सुचवायची, ती ऑथेल्लोच सुरू करतो. निसर्ग आपल्या वाटेवरून चळला तर, असे म्हणून तो वाक्य अर्धवट सोडतो. इयागो ते झडप घालून उचलतो: आपल्या देशाचा, आपल्या वर्णाचा, आपल्या दर्जाचा नवरा तिने नाकारला, यात काही अनैसर्गिक वास येत नाही का? काळ्या परदेशी माणसाविषयी व्हेनिसच्या समाजात जे मागून बोलले जाते, ते ऑथेल्लोने कधीच आत घेतलेले असते. इयागोला ते फक्त जागे करावे लागते. ऑथेल्लोचा संशय डेस्डिमोनाविषयी दिसतो. त्याच्या तळाशी स्वतःविषयीचा संशय आहे. आपल्यासारख्यावर हिने प्रेम का करावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

रुमालाची कथा याच प्रवेशात येते. स्ट्रॉबेरीची नक्षी काढलेला तो रुमाल ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेली पहिली भेट. डोके दुखते म्हणणाऱ्या नवऱ्याच्या कपाळाला तो बांधण्यासाठी डेस्डिमोना पुढे होते. लहान आहे म्हणून तोच तो दूर सारतो आणि खाली पडलेला रुमाल राहू दे म्हणतो. म्हणजे ज्या वस्तूच्या हरवण्यावरून पुढे खून पडतो, ती नवऱ्याच्याच हाताने, त्याच्याच डोळ्यांदेखत पडलेली असते. एमिलिया तो उचलून आपल्या नवऱ्याला, इयागोला, देते आणि तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. पुढे बायकोला ऑथेल्लो सांगतो की तो रुमाल एका इजिप्शियन जादूगारणीने आपल्या आईला दिला होता, त्यात नवऱ्याला बांधून ठेवण्याची शक्ती होती. शेवटच्या अंकात तोच म्हणतो की तो बापाने आईला दिला होता. पहिली हकीकत त्याने धाक घालण्यासाठी रचली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. घाबरून डेस्डिमोना रुमाल हरवलेला नाही असे सांगते. एवढे एकच खोटे ती त्याच्याशी बोलते आणि तेच नेमके त्याच्या पदरात पडते.

टॉमस रायमर या समीक्षकाने १६९३ मध्ये या रुमालाची यथेच्छ टर उडवली आणि एका फडक्यापायी एवढा आकांत कशाला, असे विचारले. रायमरचे चुकले म्हणता येत नाही; त्याला उत्तर मात्र नाटकातच आहे. क्षुल्लक वस्तूही मत्सरी माणसाला धर्मग्रंथाइतकी भक्कम साक्ष वाटते, असे इयागो स्वतःच बोलून जातो. ऑथेल्लोने डोळ्यांनी दिसणारा पुरावा मागितलेला असतो; इयागो त्याला कॅसिओने झोपेत बरळल्याची बनावट हकीकत देतो आणि तीवर काम भागते. चौथ्या अंकात आडून पाहण्याचा प्रसंग तर याचा कळस. कॅसिओ हसत असतो बिआंका या आपल्या प्रेयसीविषयी, ऑथेल्लोला वाटते ते हसणे आपल्या बायकोविषयीचे. त्याच वेळी बिआंका येऊन कॅसिओने तिच्याकडे दिलेला तो रुमाल त्याच्या अंगावर फेकते. हे इयागोनेही ठरवलेले नव्हते. त्याच्या कारस्थानात दैवाचा हात मोठा आहे, आणि एका ठरावीक क्षणी एमिलिया किंवा बिआंका खरे बोलती तर सारे कोसळले असते.

या नाटकातला काळाचा घोळही प्रसिद्ध आहे. सायप्रसवर उतरल्यापासून खुनापर्यंत जेमतेम दीड दिवस जातो. व्यभिचाराला वेळ आणि संधीच कोठे होती, असा प्रश्न सावकाश वाचणाऱ्याला पडतो. बिआंका मात्र कॅसिओ आठवडाभर फिरकला नाही म्हणून रुसते. नाटक दोन घड्याळांवर चालते, असे एकोणिसाव्या शतकापासून म्हटले जाते. रंगमंचावर ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. वेग हेच इयागोचे हत्यार आहे. ऑथेल्लोला एक रात्र शांत झोप मिळाली असती, तर कारस्थान टिकले नसते.

डेस्डिमोनाची अनेक प्रयोगांत नुसती सोशीक बाहुली केली गेली, ते संहितेला धरून नाही. बापापुढे आणि भर सभेत ठामपणे बोलणारी, नवऱ्याबरोबर मोहिमेवर जाण्याचा हट्ट धरणारी ही मुलगी आहे. सर्वांसमोर नवऱ्याकडून थोबाडीत बसल्यावर आपण यास पात्र नव्हतो एवढे ती म्हणते. मरताना कोणी मारले या प्रश्नाला ती आपणच असे उत्तर देते, तेव्हा ते क्षमा आहे की स्वतःला पुसून टाकणे, यावर एकमत होणे कठीण. तिच्या शेजारी एमिलिया उभी केल्याने चित्र पुरे होते. चौथ्या अंकाच्या अखेरीस, निजण्याच्या तयारीच्या प्रवेशात, एमिलिया नवऱ्यांना सुनावते की बायकांनाही इच्छा असतात, रागलोभ असतात, आणि त्या बिघडतात ते तुमच्याकडूनच शिकून. रुमाल चोरून देणारी आणि मालकिणीचे हाल दिसत असताना गप्प राहणारी हीच बाई शेवटी जिवावर उदार होऊन सत्य बोलते आणि नवऱ्याच्या तलवारीने मरते. नाटकातले खरे धैर्य तिचे आहे.

सत्य उघड झाल्यावर ऑथेल्लो इयागोवर वार करतो, पण तो मरत नाही. हे का केलेस, या प्रश्नावर इयागो यापुढे एक अक्षर बोलणार नाही म्हणतो आणि बोलत नाही. सर्वांत अधिक बोलणारे पात्र मुके होते. ऑथेल्लो शेवटी पुन्हा एक गोष्ट सांगतो: अलेप्पोत एका तुर्काने व्हेनिसच्या माणसावर हात टाकला तेव्हा आपण त्याला धरून असे भोसकले. आणि तसे तो स्वतःला भोसकतो. मारणारा आणि मरणारा, व्हेनिसचा रक्षक आणि व्हेनिसचा शत्रू, दोन्ही तोच. या भाषणावर विसाव्या शतकात समीक्षकांत बरीच खडाजंगी झाली. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये ऑथेल्लोला थोर, निष्पाप, बाहेरून उद्ध्वस्त झालेला नायक मानले. टी. एस. एलियट यांना तो शेवटी स्वतःचीच समजूत घालताना दिसला, तर एफ. आर. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये सारा दोष त्याच्या आत्मगौरवावर टाकला. लीव्हिस यांचे वाचन तीक्ष्ण आहे, पण इयागोला त्यांनी जवळजवळ माफ करून टाकले. ते खपण्यासारखे नाही.

रंगभूमीवर पहिला ऑथेल्लो रिचर्ड बर्बेज याने उभा केला. शेक्सपिअरच्या काळी डेस्डिमोना मुलगेच करीत. ८ डिसेंबर १६६० रोजी लंडनमध्ये या भूमिकेत एक स्त्री उभी राहिली आणि इंग्रजी व्यावसायिक रंगभूमीवरची ती पहिली नटी मानली जाते. गोरे नट काळा रंग फासून ऑथेल्लो करीत, ही चाल शतकानुशतके टिकली. मार्च १८३३ मध्ये एडमंड कीन हा इंग्रज नट कॉव्हेंट गार्डनमध्ये ही भूमिका करताना कोसळला. थोड्याच दिवसांत त्याच नाट्यगृहात आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णी अमेरिकन नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला आणि लंडनच्या काही वृत्तपत्रांनी त्याच्यावर गरळ ओकले. पॉल रोबसन यांनी १९३० मध्ये लंडनला आणि १९४३ पासून न्यूयॉर्कला ही भूमिका केली; न्यूयॉर्कचे २९६ प्रयोग झाले. वर्णद्वेषी राजवटीतल्या जोहान्सबर्गमध्ये १९८७ साली जॉन कानी या कृष्णवर्णी नटाने ती केली, तेव्हा नाटकाचा राजकीय अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भारतात १८४८ मध्ये कलकत्त्याच्या साँ सूसी नाट्यगृहात बैष्णवचरण आढ्य हा बंगाली नट इंग्रज नटसंचात ऑथेल्लो झाला. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये या नाटकाचे भाषांतर केले आणि मराठीतल्या शेक्सपिअरची सुरुवात त्याच्यापासून धरली जाते. पण प्रेक्षकांनी आपले मानले ते गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’. १८९० च्या या रूपांतरात देवलांनी नावे, वेश, घरे मराठी केली आणि भाषा अशी ठेवली की ती नटाच्या तोंडात बसावी. गणपतराव जोशी यांनी झुंझारराव गाजवला. गंमत अशी की संशयावरची मराठीतली सर्वांत लाडकी विनोदी कृतीही देवलांचीच. मोलिएरच्या नाटकावरून आलेले ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ पुढे गाण्यांसह ‘संशयकल्लोळ’ झाले आणि १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. तेथे रुमालाच्या जागी तसबीर आहे, नवराबायको तितकेच हटवादी आहेत, अनुमाने तितकीच बिनबुडाची आहेत. फरक इतकाच की त्या घरात इयागो नाही, म्हणून गैरसमज फुटतो आणि लोक हसत घरी जातात. देवलांची ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात पडायला हवा होता. तो पडला नाही. पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. पडद्यावर विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’ने २००६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या टोळीबाजांच्या जगात ही कथा नेली आणि रुमालाचा कमरपट्टा केला.

संहितेविषयी एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. नाटक १६२२ मध्ये सुटे आणि १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या संकलित नाटकांत छापले गेले. दोन्ही पाठांत पुष्कळ फरक आहेत आणि दुसऱ्यात सुमारे १६० ओळी अधिक आहेत. डेस्डिमोनाचे विलापगीत आणि एमिलियाचे नवऱ्यांवरचे भाषण पहिल्या छापील पाठात नाहीत. हाती असलेले भाषांतर कोणत्या पाठावरून केले आहे ते आधी पाहावे, आणि तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश दोनदा वाचावा. दुसऱ्या वेळी प्रत्येक संशय प्रथम कोणाच्या तोंडून बाहेर पडतो, एवढेच टिपत जावे. इयागोच्या नावावर अपेक्षेपेक्षा बरेच कमी जमा होते.